मेडशी ते अनसिंग, थेट

काकांच्या घरून कोणालाही नुसतं निघून जाता येत नसे. पाहुण्याने चपलेत पाय घातला की काका उंबऱ्यावर येत, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरत आणि पुकारत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वाशीम ते मळा, मार्गे भाजीबाजार, मेथीची गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे." मेथीची गाडी म्हणजे मी. वाशीमला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि काकांकडे मी रिकाम्या हाताने जात नसे. पोस्टमन निघाला की ती टपालगाडी. मीटरचं रीडिंग घेणारा माणूस दारातूनच परत फिरे, म्हणून तो विनाथांबा. शेजारची मांजर एकदा दूध पिऊन निघाली तर तिलाही त्यांनी पुकारलं, आणि "गाडीस झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत" हेही जोडलं.

त्यांची सगळी हयात एसटीत गेली होती. आधी कंडक्टर, मग वाशीमच्या स्टँडवर कंट्रोलर. निवृत्त झाले तेव्हा माइक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. एरवी ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत. पुकारायची वेळ आली की मात्र भाषा इस्त्री करून यायची. गल्लीत त्यांना सगळे कंट्रोलरच म्हणत. मी काका म्हणायची.

त्यांच्याशी माझी ओळख झाली ती एका यादीमुळे. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. भाजी निवडतानासुद्धा डोक्यात यादी चालू असते. मी तेव्हा एका खाजगी कॉलेजात संगणक विभागात कंत्राटावर होते. कॉलेजचं नेटवर्क बंद पडलं की अकोल्याहून माणूस बोलवावा लागे, आणि तो येईपर्यंत सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. एकदा प्राचार्य वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नेटवर्किंगचं सर्टिफिकेट करून टाका. तुम्हाला कायम करायला मलाही एक कारण मिळेल." चाळिशी उलटल्यावर कोणी परीक्षेला बस म्हणालं की आधी हसू येतं. हसून झाल्यावर मी यादी केली: मेमरी वाढवलेला जुना लॅपटॉप. फुकट मिळणारं सरावाचं सॉफ्टवेअर. वापरलेले एक-दोन राउटर, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे वाट दाखवणारे डबे. वापरलेले स्विच, म्हणजे एकाच ठिकाणचे संगणक जोडणारे डबे. त्यांच्याशी लॅपटॉपवरून बोलायची कन्सोल केबल. केबलच्या टोकांना प्लग बसवायची पकड.

नवीन घ्यायचं मनातही नव्हतं. भंगारवाल्याकडे गेले तर तो यादी वाचून हसायलाच लागला.

"मॅडम, वाशीमात या डब्ब्यायचं एकच गिऱ्हाईक हाये. कंट्रोलर बुढा. दर हप्त्याले येते, आलं का म्हणते, आलं असंन तं घेऊन जाते. त्यालेच इचारा."

मी विचारायला गेले. काका ओट्यावर बसून बादलीत केबली धूत होते. शांपूने. फेस काढून त्यांनी एकेक केबल दोरीवर वाळत टाकली, प्लगचं टोक वर धरून, चिमट्यासकट.

"काका, एखादा स्विच विकायचा आहे का?"

"इकत नसतो."

"मला अभ्यासाला हवा होता. परीक्षा आहे."

त्यांनी मान वर केली. "मंग बसून शीक ना. घरी नेऊन काय पूजा करतं? सकाळी साडेसहाले येजो. आठले तुही गाडी सुटते."

"कुठली गाडी?"

ते मला त्या दिवशी निघताना कळलं.

आतल्या खोलीत त्यांची मांडणी होती. एसटीच्या भंगारात निघालेली, प्रवाशांच्या डोक्यावर सामान ठेवायची ती लोखंडी जाळी असते ना, ती त्यांनी कापून, जोडून भिंतीला उभी केली होती. मी पुढे बरीच पुस्तकं चाळली, पण जुनी यंत्रं ठेवायला याहून स्वस्त आणि चांगली सोय कुठे वाचली नाही. जाळीतून वारा खेळतो आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वाऱ्याचीच तर पंचाईत. सोयाबीन निघायच्या दिवसांत गावभर धूळ उडते. तेव्हा मांडणीवर काकींचं जुनं सुती लुगडं पांघरलेलं असे. काकी त्याच्या दोन वर्षं आधी वारल्या होत्या. काका रोज सकाळी आधी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती लावत, मग लुगड्याची घडी घालत, मग बटण दाबत. जुना स्विच सुरू होताना पंख्याचा असा आवाज करतो की पत्रे उडतील असं वाटावं. काका त्या आवाजाला दाद देत, "निंघाली गाडी!"

"काका, हे सगळं लॅपटॉपवर खोटं खोटं करता येतं," मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे. वीज नाही, धूळ नाही."

"त्यात पंखा फिरते?"

"नाही."

"मंग गाडी सुरू झाली हे कसं समजते?"

आजही कोणी विचारलं तर मी सांगते: ऐंशी टक्के अभ्यास सॉफ्टवेअरवर करा, पण दोन तरी खरे डबे हाताखाली ठेवा. वायर ढिली बसली, प्लग उलटा लागला, दिवा पिवळा झाला, हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. परीक्षा मी पास झाले, तेही इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना त्याची काळजी नको.

काकांना नेटवर्किंग येत होतं असं म्हणता येणार नाही. इंग्रजी पुस्तक होतं, शब्दकोश होता, व्हिडिओ होते आणि प्रचंड आत्मविश्वास होता. निम्मं बरोबर असायचं. सगळं ज्ञान ते एसटीच्या मापाने मोजून घेत. राउटर म्हणजे कंट्रोलर, त्यातला मार्गांचा तक्ता म्हणजे स्टँडवरचा बोर्ड, स्विच म्हणजे विनंती थांबा. दिवा लुकलुकला की प्रवासी चढत आहेत. दिवा स्थिर म्हणजे ड्रायव्हर चहा पिऊन राह्यला. मी दोनदा समजावलं की दिव्याचा अर्थ तसा नाही; तिसऱ्यांदा मीच कॉलेजात कुणाला तरी म्हणाले, "थांबा, प्रवासी चढताहेत."

केबलीच्या आठ तारांचा क्रम पाठ करायला लोकांना दिवस लागतात. माझा एका सकाळीत झाला, कारण काकांनी तो पुकारून दिला. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी मार्गे तपकिरी. प्रवाशांनी रांगेत चढावे." परीक्षेच्या हॉलमध्ये तो प्रश्न आला तेव्हा मी ओठ हलवत होते, आणि पर्यवेक्षक माझ्याकडे बघत होते.

तीन राउटर होते. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव: मेडशी, वाशीम, अनसिंग. मेडशी काकांचं जन्मगाव. अनसिंग काकींचं माहेर. वाशीममध्ये दोघांनी संसार केला. मेडशीतून एक केबल वाशीमला, वाशीममधून एक अनसिंगला. मांडणीतही तसंच: मेडशी वर, वाशीम मधल्या फळीवर, अनसिंग खाली.

अनसिंगचा एक कोपरा चेपलेला होता. तो चेपलेला कोपरा काका रोज फडक्याने पुसत, बाकीच्या डब्यांपेक्षा जरा जास्त वेळ.

त्याची हकिकत मला आधी भंगारवाल्याने सांगितली. नंतर काकांनी स्वतः, केबल गुंडाळता गुंडाळता, जणू दुसऱ्या कुणाची.

ही खोली त्यांच्या मुलाची. एकुलता एक. त्याने कॉलेजात असताना असेच जुने डबे जमवून इथे अभ्यास मांडला होता, हेच सर्टिफिकेट करायचं म्हणून. काकांना ते डोळ्यांसमोर नको होतं. त्यांनी कंडक्टरच्या भरतीचा फॉर्म आणून ठेवला होता. मुलगा तो भरत नव्हता. दिवसभर पंख्याचा आवाज, विजेचं बिल, आणि पोरगा पडद्याकडे बघून हसतोय. मुलगा एक दिवस अकोल्याला गेला होता, परीक्षेला थोडेच दिवस उरले होते, आणि काकांनी हातगाडी बोलावून सगळं भंगारात दिलं. एक डबा तर गाडीवर फेकला. कोपरा तेव्हाचा.

"आला सांजच्याले," काका म्हणाले. "खोली पाहिली. म्हटलं आता भांडन. भांडला असता तं बरं झालं असतं व. त्यानं फकस्त बॅग भरली. पुण्याले गेला. तिथंच पास झाला, तिथंच नोकरीले लागला. याच लायनीत."

त्यानंतर बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे बोलले, पण काकींमधून. तसं त्या घरात आधीपासूनच होतं. समोरासमोर जेवायला बसले तरी काका म्हणायचे, "त्याले सांग, भात घे म्हणा," आणि मुलगा म्हणायचा, "आई, बाबाले सांग, घेतला म्हणून." काका हे नक्कल करून सांगत आणि हसत. "आमी दोघं जेवाले बसलो की तिलेच घास घ्याले फुरसत नाही भेटे." मुलगा पुण्याला गेल्यावर तीच पद्धत फोनवर गेली. तो आईला फोन करी, आई फोन कानाला लावून काकांना सांगे, काका तिला सांगत, ती फोनमध्ये सांगे. दोन्ही बाजूंना एकमेकांचे आवाज ऐकू जात असणार. तरी निरोप काकींच्याच तोंडून जायचा.

मग काकी गेल्या. मुलगा आला, सगळं पार पाडलं आणि मामाकडे अनसिंगला जाऊन तिथूनच पुण्याला परतला. पुढे दिवाळीत तो यायचा, पण अनसिंगपर्यंतच. हे काकांना घरबसल्या कळे. त्यांच्या हाताखालून गेलेले कंडक्टर अजून त्या मार्गावर होते. कोणीतरी सायकल थांबवून सांगून जाई, "काका, तुमचा पोरगा काल अनसिंगले उतरला. तब्येत मस्त हाये." काका म्हणत, "हो का?" आणि त्या दिवशी मांडणीचं सगळं सामान खाली काढून पुन्हा पुसत.

भंगारवाल्याकडे त्यांची फेरी सुरू झाली ती काकी गेल्यावर. पहिल्यांदा गेले आणि म्हणाले, "तो माल आण." भंगारवाला म्हणाला, "काका, तुमीच तं इकला होता! आता कोठून आणू? गेला तो नागपूरले, गळून त्याचे गंज-भगुणे झाले असतीन." तरी काका दर आठवड्याला जात राहिले. त्या फेऱ्यांतून बाकीचे डबे जमले. बंद पडलेल्या नेट कॅफेतले, कुठल्या ऑफिसातून बाद झालेले. आणि एक दिवस भंगारवाल्याला त्याच्याच गोदामात, पत्र्यांच्या खाली, कोपरा चेपलेला डबा सापडला. तो विकलाच गेला नव्हता. त्याला कोणी घेतलं नव्हतं.

काकांना काय हवं होतं ते कोणालाही दिसत होतं: पोराने घरी यावं, नाही तर निदान बोलावं. पण मी तो विषय काढला की माझी गाडी वेळेआधी सुटायची.

"काका, तुम्हीच एक फोन—"

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

दुसरा वाद आमच्यात केबलीवरून होता, आणि तो परीक्षेपर्यंत चालला. नेटवर्कमध्ये एक साधा नियम आहे: महत्त्वाच्या दोन ठिकाणांत एकाहून जास्त वाटा ठेवाव्यात. मला त्याचा सराव करायचा होता. त्यासाठी मेडशी आणि अनसिंग यांच्यात एक थेट केबल हवी होती.

"रस्ता नाही," काका म्हणाले.

"रस्ता कशाला हवा? केबल आहे. ही बघा."

"मेडशीहून अनसिंगले जायचं तं वाशीम लागते. जिंदगीभर खिडकीतून हेच सांगत आलो म्या लोकायले. वाशीम चुकवून कोणाची गाडी गेली ते दाखव मले."

"काका, हे डबे आहेत. गावं नाहीत."

"मंग नावं कायले देल्ली?"

"तुम्हीच दिलीत!"

"तेच सांगून राह्यलो. देल्ली तं पाळा लागते."

"आणि वाशीम बंद पडलं तर?"

"वाशीम कायले बंद पडते व?" ते खरोखर आश्चर्याने म्हणाले.

मी घरी जाऊन तो सराव सॉफ्टवेअरवर केला. यादीत त्यापुढे खूण केली. पण खऱ्या डब्यांवर तो झाला नाही, हे मनात राहिलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. एका राउटरवरून दुसऱ्याला वाट नीट आहे का हे बघायचं तर त्याला पाच हाका मारायच्या असतात. तशी एक आज्ञाच आहे. उत्तर आलं की पडद्यावर उद्गारचिन्ह उमटतं, नाही आलं की ठिपका. नव्याने जोडलेल्या वाटेवर बहुतेक वेळा पहिला ठिपका येतो आणि मग चार उद्गारचिन्हं. काकांना तो ठिपका फार लागायचा. "पहिली गाडी रद्द," असं ते दर वेळी पडक्या आवाजात म्हणत, जणू स्टँडवर माणसं ताटकळली आहेत. मी घाईत असायची. "काका, ते होतंच. पुढे चला," एवढं म्हणून पुढचं टाइप करायची.

परीक्षा नागपूरला होती. त्याआधीच्या रविवारी माझी यादी अशी: काकांकडे शेवटची उजळणी, बाजार, ओळखपत्राची झेरॉक्स, प्रवासाचा डबा. मी सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि वांगी घेऊन गेले. काका लुगड्याची घडी घालत होते. बटण दाबलं, गाडी निघाली, आणि तेवढ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आमच्याकडे हे नेहमीचं. पण या वेळी मधल्या फळीवरून जळका वास आला. वाशीमचा दिवा लागला नाही.

मी वायर बदलून पाहिली. प्लग बदलून पाहिला. वाशीमचा आतला पॉवर सप्लाय गेला होता. मेडशीवरून अनसिंगला हाका मारल्या. पाच ठिपके. पुन्हा मारल्या. पाच ठिपके. दोन्ही डबे चांगले सुरू होते, दोघांचे दिवे हिरवे होते.

"मेडशी सुरू हाये ना?" काकांनी विचारलं.

"आहे."

"अनसिंग?"

"तेही आहे. मध्ये वाशीम गेलं ना."

काका खाटेवर बसले. बराच वेळ त्या मांडणीकडे बघत राहिले. मला वाटलं, डबा गेला म्हणून वाईट वाटलं असेल. मी दुसरा शोधू वगैरे बोलत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"तुही काकी गेली तवा असंच झालं पाहाय," ते म्हणाले. "इकडं म्या हाये. तिकडं तो हाये. दोघंबी सुरू हाओत."

मला अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही. हातात काम असलं तर बरं पडतं. काम काकांनीच काढलं.

"आण तो वायर."

"कोणता?"

"तूच म्हणे ना, थेट टाकू. आण."

त्यांनी केबल कापली, साल काढली, तारा सरळ केल्या. रंग पुकारले, पण हात तोंडाशी न नेता, हळू, स्वतःपुरते. पांढरा-नारिंगी, नारिंगी. पकड दाबताना त्यांच्या अंगठ्याची शीर उठून दिसत होती. एक टोक बिघडलं, तर ते कापून पुन्हा बसवलं. मग खाटेवर गुडघा टेकून त्यांनी एक टोक वर मेडशीत लावलं, आणि खाली वाकून दुसरं अनसिंगमध्ये, चेपलेल्या कोपऱ्याजवळ. केबल वाशीमच्या बाजूने खाली आली. मी दोन्हीकडे पत्ते दिले, वाट लिहिली.

"मार हाका," काका म्हणाले.

पडद्यावर ठिपका आला. मग उद्गारचिन्ह. आणखी एक. आणखी दोन.

मला वाटलं आता ते म्हणणार, पहिली गाडी रद्द. ते म्हणाले, "हे पहिली दर खेपेले काहून जाते व? आज सांगूनच दे."

म्हणून मी सांगितलं, या वेळी घाई न करता. राउटर निरोप पाठवायला निघतो तेव्हा समोरच्याचा नेमका ठावठिकाणा त्याच्याकडे नसतो. म्हणून तो आधी विचारतो, हा पत्ता कोणाचा? समोरचा सांगतो, माझा. हे विचारणं-सांगणं होईपर्यंत पहिला निरोप हातून गेलेला असतो. तोपर्यंत ओळख पटलेली असते, म्हणून दुसरा पोचतो.

"म्हंजे तो उत्तर देत नाही असं नाही."

"नाही. त्याला अजून कळलेलं नसतं की कोणीतरी शोधतंय."

"मंग दुसरी जाते?"

"जाते. फक्त पाठवावी लागते."

काका मनगटाने कपाळ पुसत म्हणाले, "म्या एकच पाठोली होती."

काकी गेल्यावर महिन्याभराने त्यांनी मुलाला फोन लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः. उचलला गेला नाही. परत फोनही आला नाही. "म्हटलं, नाही पाहिजन त्याले. समजलो." ते म्हणाले. "त्याच्याकडं माहा नंबर असंन का? तो तं तिच्याच फोनवर लावे."

"नसेलही, काका."

त्यांनी खिशातून फोन काढला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलत. चष्मा शोधला, नाव शोधलं, बटण दाबलं आणि फोन खाटेवर, दोघांच्या मध्ये ठेवला. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

काका फोनकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. तिथे अजून तो ठिपका होता आणि त्याच्यापुढे चार उद्गारचिन्हं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"हॅलो?" अनोळखी नंबराला देतात तसा आवाज. "कोण?"

इतकी वर्षं हजारो माणसांना ज्यांनी आवाज दिला, त्यांच्या तोंडून काही निघेना. मी मेडशीकडे बघत बसले. शेवटी ते म्हणाले, "वाशीमहून बोलून राह्यलो."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बाबा?"

"हो." काकांनी मधल्या फळीकडे पाहिलं. "वाशीम बंद पडलं रे."

"काय बंद पडलं?"

"राउटर. वाशीम नाव हाये त्याचं. लाईट गेली, आली, अन् जळला. वास येऊन राह्यला."

"तुमच्याकडं राउटर कसा?"

काकांनी फडकं उचललं, आणि पुन्हा ठेवलं. "आणला. म्हंजे, परत आणून राह्यलो एकेक. सगळे नाही भेटले. एक भेटला. तुहाच हाये. कोपरा दबेल हाये त्याचा."

मी यादी काढून बघायचा बहाणा केला. अक्षरं दिसत नव्हती.

"तो सुरू होते?" मुलाने विचारलं. आवाज बदललेला होता.

"होते तं! लय आवाज करते. तू ऐकतं का? थांब." काकांनी फोन उचलून मांडणीच्या जाळीशी नेऊन धरला, अनसिंगच्या पंख्यापुढे, आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"आला आवाज," फोनमधून उत्तर आलं. मग जरा वेळाने, "बाबा, जो जळला, त्याचं मॉडेल कोणतं? मागं लिहेल असंन पाहा. पयले वायर काढा."

"काढतो. थांब हं, ठेवू नको. चष्मा सरकून राह्यला. हं. लिहेल हाये. बारीक हाये लय. सांगू?"

"सांगा. एकेक अक्षर सांगा."

मी लॅपटॉप मिटला, पिशवी घेतली आणि दाराशी आले. चपला घातल्या. सवयीने उंबऱ्यावर थांबले, मान किंचित मागे वळवून. आत काका एकेक अक्षर वाचत होते, पलीकडचा तेच अक्षर पुन्हा म्हणत होता, आणि काका म्हणत होते, "बराबर."

त्या दिवशी माझी गाडी कोणी पुकारली नाही. मी तशीच निघाले.